पोळा नावाचा टॅग

माझ्या माहेरी, गावाच्या पार शेवटच्या टोकाला, नळ बंद करायची पद्धतच नव्हती. तोटी कायम उघडी आणि तिच्याखाली रिकामी घागर. पाणी केव्हा येईल, येईल की नाही, हे कोणालाच सांगता येत नसे. घागरीच्या बुडावर पाण्याचा पहिला आवाज झाला की घराघरातून बायका धावत सुटायच्या. माझा शाळेचा सगळा अभ्यास त्या आवाजाकडे एक कान ठेवून झाला आहे.

टाकीतून निघालेलं पाणी आधी बाजारचौकात जायचं, मग ग्रामपंचायतीमागच्या वार्डात, मग शाळेकडे, आणि उरलंच तर बुद्धविहारामागच्या आमच्या ओळीत. व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी ज्या काकांच्या हातात होती, ते काही वाईट माणूस नव्हते. चौकातला कोणी ‘अजून थोडं चालू द्या’ म्हणाला की त्याला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही, एवढंच. आम्हाला नाही म्हणणं मात्र सहज जमायचं. देवळी तालुक्यातलं हे गाव. नाव लिहीत नाही, कारण अशी गावं पुष्कळ आहेत आणि एकट्या माझ्याच गावाला बदनाम करायची मला हौस नाही.

मी इंजिनिअर झाले, लग्न करून वर्ध्याला आले आणि सिंदी मेघेतल्या एका लहानशा कंपनीत लागले. कंपनी म्हणजे एका घराचा वरचा मजला, चार-पाच टेबलं आणि एक कूलर, जो मे महिन्यात हवेपेक्षा आवाजच जास्त देतो. आम्ही गावांच्या नळयोजनांसाठी पेट्या बनवतो. पेटी टाकीजवळच्या खोलीत बसते आणि मोटरवर चालणारे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडते, ठरल्या वेळी बंद करते. कोणत्या वार्डाची पाळी केव्हा, किती वेळ, हे सगळं तिच्या आतल्या प्रोग्राममध्ये असतं. चौकातली वजनदार माणसं तिला ओळखता येत नाहीत. हे काम मी पगारासाठी धरलं असं मी सगळ्यांना सांगते. ते अर्धंच खरं आहे.

माझ्या गावात पेटी बसली तेव्हा पहिले काही आठवडे आमच्या ओळीत कोणाचाच विश्वास बसला नाही. पाणी रोज पाळीच्या वेळेला येत होतं, तरी नळ उघडे आणि घागरी खाली. एकदा मी गेले तर माझ्या आईच्या नळाची तोटी बंद. मी विचारलं, “माय, नळ बंद काऊन केला?” तर ती म्हणाली, “येते ना आता टायमावर. उघडा ठेवून काय करू, शेवाळ धरते.” एवढंच बोलली आणि पोळ्या लाटायला बसली. मी परत वर्ध्याला येईपर्यंत बसमध्ये रडत होते. शेजारच्या बाईला वाटलं सासरी जायचं म्हणून रडते आहे.

आता जे झालं ते सांगायचं तर टॅग म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. प्रोग्राम लिहिताना आम्ही रोज त्यात बदल करतो आणि व्हर्जन कंट्रोल नावाची व्यवस्था प्रत्येक बदल जपून ठेवते. असे हजारो टप्पे साठतात. त्यातला एखादा टप्पा तपासून, ठोकूनठाकून पाहिला, सगळं नीट चाललं, की त्याच्यावर आम्ही एक नाव चिकटवतो. हा टिकाऊ, हा गावात न्यायचा. ते नाव म्हणजे टॅग. पुढे कितीही बदल झाले तरी त्या नावानं मागितलं की तोच टप्पा हातात यायला हवा. बैलाच्या कानात पिवळा बिल्ला असतो ना, सरकारी नंबराचा? तसंच.

आमच्या कंपनीत टॅगला सणांची नावं द्यायची चाल पडली होती. मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, त्यांची ही हौस. पेटीत घालायच्या तयार प्रोग्रामला आम्ही बिल्ड म्हणतो. पहिलं टिकाऊ बिल्ड तयार झालं ते नेमकं पोळ्याला. भाऊंच्या घरी शेती आहे, बैलजोडी आहे. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणतात. भाऊंनी ते आवतण ऑफिसातल्या सर्व्हरला, म्हणजे सगळे टप्पे जिथे साठतात त्या यंत्राला, दिलं, दुसऱ्या दिवशी बैल सजवून, नारळ घेऊन आले, टॅगचं नाव ठेवलं ‘पोळा’, आणि आम्ही सर्व्हरसमोर बसून पुरणपोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोरं लाकडी बैल मिरवतात आणि मारबतीची मिरवणूक निघते त्या दिवशी, एक बारीक चूक सापडली, तिच्या दुरुस्तीचं नाव ‘तान्हा पोळा’. मग दसरा झाला, ईद झाली, चौदा एप्रिल झाला. सगळ्यांना मजा वाटायची. गावातली माणसंसुद्धा विचारायची, आमच्या पेटीत कोणता सण आहे हो?

मजा सगळी ठीक आहे. पण सण दरवर्षी येतो, ही गोष्ट आमच्या कंपनीतल्या एकाही शहाण्या माणसाच्या ध्यानात आली नाही.

दुसऱ्या वर्षी पोळा आला तेव्हा मी मुलीच्या वेळच्या सुट्टीवर होते. एक मोठं काम पूर्ण झालं होतं आणि त्याला नाव हवं होतं. सर्व्हर म्हणाला, पोळा नावाचा टॅग आधीच आहे. भाऊ म्हणाले, जबरदस्तीनं लावा. तशी सोय व्यवस्थेत असते, एक शब्द जास्तीचा लिहावा लागतो. तो लिहिला गेला. जुन्या टप्प्यावरचं नाव उचलून नव्यावर बसलं, नारळ फुटला, पुरणपोळी झाली. जुना पोळा कोणता होता हे सांगणारी खूण सर्व्हरवरून पुसली गेली आणि कोणाला काही दुखलं नाही.

दुखलं ते यंदाच्या मे महिन्यात, आणि तेही माझ्या आईला.

तिचा फोन आला. “बाई, तुही पेटी बिघडली वाटते. आपल्या ओळीत पानी येऊन नाई राह्यलं.”

मी पेट्या बसवणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला विचारलं. सरळ, नेकीचा माणूस. माझ्यापेक्षा थोडा मोठा, मला ताई म्हणतो. तो म्हणाला, “व्होल्टेज वाढून तिथली पेटी जळली होती, ताई. मी नवीन बसवून आलो. जुन्या पेटीवर पोळा लिहिलं होतं, म्हणून नवीनमध्ये पोळाच टाकला.” त्यानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट बरोबर होती. त्याच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात गेले. टाकीजवळच्या खोलीत ते चावीवाले काका दारातच बसले होते. पेटी आल्यापासून त्यांचं काम टाकी भरण्यापुरतं उरलं होतं, आणि चावी भिंतीला टेकून उभी असायची. आज ती त्यांच्या मांडीवर होती. पेटीनं चौकाचा व्हॉल्व्ह उघडला, पाणी गेलं. वार्डाचा उघडला, शाळेकडचा उघडला, सगळं पाळीनं. मग आमच्या ओळीचा उघडला. थोडा वेळ मोटर घरघरली, आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला. स्क्रीनवर अक्षरं आली: पाइप फुटला असावा.

पाइप फुटलेला नव्हता. नव्या पोळ्यात आम्ही एक चांगली सोय घातली होती. व्हॉल्व्ह उघडल्यावर थोड्या वेळात पाइपात दाब चढला नाही, तर पाइप फुटला असं समजून पाणी बंद करायचं, म्हणजे वाया जात नाही. पुष्कळ गावांत त्या सोयीनं पाणी वाचलं. पण आमच्या ओळीकडे जाणारा पाइप गावाला वळसा घालून जातो. तो लांबलचक, रिकामा पाइप भरायलाच वेळ लागतो. तेवढी वाट बघायची पेटीला शिकवण नव्हती. चौकातली माणसं न ओळखणारी पेटी, आणि तिनंही शेवटी पाणी तोडलं ते आमचंच. संताप आला तो या गोष्टीचा.

काका म्हणाले, “यंत्र तुमचं हाये, पन शिव्या मले बसून राह्यल्या. मी तं म्हनतो, काढा हे.”

“काका, चूक सापडली. दुरुस्त करून देते.”

“मांगं बी असंच सांगून गेला तुमचा मानूस. पेटी नवीन हाये म्हने, पोळा हाये म्हने.” त्यांनी चावी हातात घेतली. “सोमवारी पंचायतीची सभा हाये. त्याच्या आधी एक डाव चालवून दाखवा. एकच डाव. चाललं तं चाललं, नाई तं ठराव करून पेटी काढतो आन मी पहिल्यावानी हातानं पानी सोडतो.”

पहिल्यावानी म्हणजे काय, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. येरे माझ्या मागल्या. चौक, वार्ड, शाळा आणि उरलंच तर आम्ही.

घरी गेले. आई विहिरीवरून दोन खेपा करून आली होती आणि गुडघ्याला हात लावून ओट्यावर बसली होती. मी नळाकडे पाहिलं. तोटी उघडी होती आणि खाली घागर ठेवलेली होती.

मी जेवलेसुद्धा नाही. मिळाली ती बस धरली आणि सरळ ऑफिसात.

पहिला प्रश्न: जुना पोळा नेमका कोणता टप्पा? सर्व्हरला माहीत नाही. सगळ्यांच्या मशीनवर नवाच पोळा, कारण भाऊंनीच सगळ्यांना जबरदस्तीनं घ्यायला लावला होता. मलाही सुट्टीवरून आल्यावर नवा लॅपटॉप मिळाला होता, त्यात नवाच. तेव्हा मला माझा जुना लॅपटॉप आठवला. तो घरी होता. त्याच्यावर माझी मुलगी गाणी बघत जेवते. घरी जाऊन तो आणला, वरचा वरणभात पुसला, आणि सर्व्हरशी जोडला. त्यानं सगळे नवे बदल मुकाट्यानं घेतले, एका ओळीपाशी मात्र अडला: पोळा नावाचा टॅग माझ्याकडे आधीच आहे, दुसऱ्या जागी आहे, मी बदलणार नाही.

मला त्या यंत्राचा मुका घ्यावासा वाटला. आमच्या सगळ्या कंपनीत त्या एकट्यालाच रीत कळत होती.

तरी खात्री करायला हवी होती. जुनी पेटी जिथे अजून न जळता चालू आहे, अशा एका गावात मी त्या सहकाऱ्याला पाठवलं. प्रत्येक टप्प्याला व्यवस्था स्वतःच एक लांब आकडा-अक्षरांचा क्रमांक देते, तो काही कोणाच्या हौसेनं बदलत नाही. पेटीच्या स्क्रीनवर त्याची पहिली काही अक्षरं दिसतात. तो तिकडून फोनवर एकेक अक्षर वाचत होता आणि मी इकडे जुन्या लॅपटॉपवर बोट ठेवून जुळवत होते. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा मी टेबलावर अशी थाप मारली की कूलरजवळ बसलेले भाऊ उठून आले.

“भेटला?”

“भेटला.”

“मंग झालं ना!” भाऊ खूष झाले. “पोळा उचल आन जुन्या जागी ठेव. दोन मिनिटाचं काम हाये.”

“नाई भाऊ.”

“काऊन?”

“नव्या पोळ्याच्या पेट्या किती गावांत गेल्या? उद्या त्यातली एखादी जळली की त्या गावात जुना पोळा जाईल. तिथं पाइप फुटला तर पाणी वाहत राहील. आज माह्या गावाचं जे झालं, थेच दुसऱ्याच्या गावाचं होईल. एकदा लावलेला टॅग उचलायचा नाई. मागं उचलला म्हनून तं हे झालं.”

“अरे बाप्पा, मंग करायचं काय?”

“पोळा हे नाव आता कोनीच वापरायचं नाई. दोन्ही टप्प्यांना नवीन नाव, वर्ष टाकून. आन सर्व्हरवर कुलूप. एकदा टॅग लागला की कोनालेच हलवता येनार नाई.”

“मले बी नाई?”

“तुम्हाले तं आधी नाई.”

भाऊ हसले, पण त्यांना लागलं. पोळा त्यांचं लाडकं नाव होतं. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “पाय, तुह्या मायच्या घरी पानी नाई. जुना पोळा तुह्या लॅपटॉपमध्ये हाये. आता गाडी काढ, एका घंट्यात पेटीत टाकून येजो. नावाचं मंग पाहू ना. घरात पानी नाई आन तू नावाले अडून बसली!”

हे बरोबर जिव्हारी लागलं. आई गुडघ्याला हात लावून बसलेली मला दिसत होती. लॅपटॉप समोर होता, गाडी खाली होती. जाऊन टाकलं असतं तर संध्याकाळच्या पाळीला कदाचित पाणी आलंही असतं. कदाचित. काकांनी एकच डाव दिला होता, आणि कदाचितवर माझ्या ओळीचं पाणी लावायला मी तयार नव्हते. शिवाय त्या पेटीत नेमकं काय टाकलं हे फक्त मला आणि माझ्या लॅपटॉपला माहीत असतं. ती पुढे पुन्हा जळली असती तर पुन्हा हाच तमाशा.

“भाऊ,” मी म्हणाले, “तुमच्या बैलाच्या कानातला बिल्ला काढून दुसऱ्याच्या बैलाच्या कानात घातला, आन मंग तुम्ही तुमचा बैल मागाले गेले, तं काय घेऊन येसाल?”

त्यांनी नकळत स्वतःच्या कानाची पाळी चोळली.

“नावाले अडून नाई बसली मी. नाव खोटं निघालं म्हनून माह्या मायनं नळ पुन्हा उघडा ठेवला. थो बंद झाल्याबिगर मी हे अर्धवट सोडनार नाई.”

भाऊंना नळाचं काही कळलं नसावं. पण ते उठले, पंच्यानं मान पुसली आणि म्हणाले, “कर बाप्पा, तुले जसं करायचं तसं.”

मग मी ते रीतसर केलं. जुन्या टप्प्याला नवं नाव दिलं: वर्ष, आणि त्यापुढे ‘लांब पाइप’. नव्याला त्याचं वर्ष आणि ‘फुटीची सोय’. ना सण, ना नारळ. नुसता पोळा हे नाव काढून टाकलं, म्हणजे यापुढे कोणी त्या नावानं मागितलं तर सर्व्हर काहीच देणार नाही, आणि माणूस थांबून विचारेल. मग कुलूप लावलं आणि भाऊंच्याच खुर्चीत बसून, त्यांच्याच नावानं टॅग हलवायचा प्रयत्न करून पाहिला. सर्व्हरनं नाही म्हटलं. पुन्हा पाहिला, पुन्हा नाही म्हटलं. मग नव्या नावानं सर्व्हरवरूनच बिल्ड तयार केलं आणि टेबलावरच्या पेटीत घातलं.

टेबलावर आमच्याकडे एक बटण आहे, जे फिरवलं की पेटीला पाइपातला दाब चढतोय असं वाटतं. मी ते आमच्या ओळीच्या पाइपासारखं अगदी संथ फिरवत बसले. आधी नव्या बिल्डवर: पेटीनं व्हॉल्व्ह बंद केला. मग जुन्यावर: उघडा राहिला. पुन्हा पुन्हा तेच केलं. चहा दोनदा निवला. सहकारी म्हणाला, “ताई, झालं ना आता, शितावरून भाताची परीक्षा होते.” मी म्हटलं, “मला अख्खं भांडं पाहायचं आहे.” तोही मग शेजारी खुर्ची घेऊन बसला आणि बटण फिरवू लागला.

मध्येच आईचा फोन. “आज येईन का पानी?”

“आज नाई माय. उद्या.”

“तू इंजिनेर होय का पुढारी?” असं म्हणून तिनं फोन ठेवला. त्या रागातच मी आणखी एकदा सगळं तपासलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी आणि सहकारी सकाळीच गावात पोचलो. नवं बिल्ड पेटीत घातलं, स्क्रीनवरची अक्षरं काकांना वाचून दाखवली आणि पेटीवरची जुनी पट्टी खरवडून नवी लावली. काकांना त्यात काडीचा रस नव्हता. दुधानं तोंड पोळलेला माणूस, ताक फुंकून पिणारच. चावी घेऊन ते दारात उभे राहिले. बातमी पसरली होती, त्यामुळे आमच्या ओळीतलीही चार माणसं येऊन थांबली होती, आणि चौकातलीही.

चौक झाला. वार्ड झाला. शाळा झाली. आमचा व्हॉल्व्ह उघडला.

दाबाचा काटा जागचा हलेना. मला माहीत होतं की हलणार नाही, पाइप रिकामा आहे, भरायला वेळ हवा. माहीत असणं वेगळं आणि बघत उभं राहणं वेगळं. काकांनी चावी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चौकातला एक जण म्हणाला, “हे नाई होत.” मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. काल टेबलावर ज्या वेळेला पेटीनं हात टेकले होते, ती वेळ आली आणि गेली. व्हॉल्व्ह उघडाच होता. मग काटा थरथरला, आणि हळूहळू वर सरकू लागला. तेवढ्यात सहकाऱ्याचा फोन वाजला. तो मघाशीच आमच्या ओळीत कोणाला तरी नंबर देऊन आला होता. त्यानं फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे कोणी बोलतच नव्हतं. पाणी घागरीत पडल्याचा आवाज येत होता.

काका म्हणाले, “आलं म्हना.” आणि चावी भिंतीला टेकवली.

सोमवारच्या सभेत पेटीचा विषय निघालाच नाही. मी मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. एका गावात पाणी आलं म्हणजे काम झालं असं मानणाऱ्यातली मी नाही. पोळा लिहिलेली पेटी जिथे जिथे होती त्या प्रत्येक गावात आम्ही दोघं गेलो. मे महिन्याचं ऊन, गाडीची सीट तव्यासारखी. स्क्रीनवरचा क्रमांक वाचायचा, कोणता पोळा ते ओळखायचं, जुनी पट्टी काढायची, खरं नाव लावायचं. पुलगावकडच्या एका गावात तर चावी हातात असलेला माणूस म्हणाला, “ताई, पट्टीच बदलाले आल्या? आत काई नाई करायचं?” मी म्हटलं, आत सगळं ठीक आहे, बाहेर खोटं लिहिलं आहे. तो हसला. त्याला हसू द्यावं. भाऊ सुरुवातीला म्हणाले, पेट्रोल फुकट घालवून राह्यली. मी पट्ट्या काढतच राहिले. शेवटचं गाव झालं त्या दिवशी त्यांनी स्वतःच ऊसाचा रस मागवला.

यंदाच्या पोळ्याला मी मुलीला घेऊन माहेरी गेले होते. सकाळीच भाऊंचा फोन आला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

“अवं, मी काल सर्व्हरले आवतन देऊन आलो होतो,” ते म्हणाले. “आता नवीन बिल्डले पोळा नाव लावून पाह्यलं, तं लागलं. मंग आठवलं, त्यात एक दुरुस्ती राह्यली. टॅग उचलून पुढं ठेवाले गेलो तं थे मले नाई म्हनून राह्यलं. माह्याच सर्व्हरवर!”

“थ्याच्यासाठीच लावलं भाऊ.”

“जबरदस्तीनं बी नाई होत.”

“नाई होत.”

मग त्यांनी विचारलं, “तं मंग दुरुस्तीचं काय नाव ठेवू?”

“तान्हा पोळा ठेवा. पन दोघांच्याही मांगं यंदाचं वर्ष टाकून नाव लावा. नुसता पोळा लागला थो तिथंच राहू द्या, थ्या नावानं गावात काई जानार नाई.”

“वर्ष टाकलं तं चालते?”

“वर्ष टाकलं तं पोळा चालते, तान्हा पोळा चालते, मारबत बी चालते.”

ते मोठ्यानं हसले आणि ‘जेवाले येजो’ म्हणाले. मी फोन ठेवला आणि आईकडे पाहिलं. ती अंगणात माझ्या मुलीला पायांवर घेऊन बसली होती, आणि आमच्या ओळीची पाळी यायला अजून अवकाश होता. मी उठून मुद्दाम गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. एकाही नळाखाली घागर नव्हती. सगळ्या तोट्या बंद होत्या.